दाबा आणि फिरवा

मला त्या परीक्षेला बसू दिलं नाही. का, तर म्हणे माझं वय जास्त. म्हाताऱ्या माणसांना औषधाच्या बाटलीचं झाकण उघडता येतं की नाही हे बघायची परीक्षा, आणि तिला म्हातारी चालत नाही! पन्नास ते सत्तर एवढ्याच वयाची माणसं हवीत, असा नियम होता. सत्तरीनंतर माणूस गोळ्या खायचा थांबतो, असं नियम करणाऱ्यांना वाटत असावं.

शेजारच्या कॉर्मकला मी तसं म्हटलंसुद्धा. तर तो म्हणाला, "असम्प्टा, तुला घेतलं नाही तेच बरं. बाटली उघडली नसती, तर तू परीक्षा घेणाऱ्याचं डोकं उघडलं असतंस."

कॉर्मक हर्ली आणि मी, आमच्या दोघांच्या घरांत एकच भिंत. तो तिकडे खोकला की मला इकडे कळायचं. जन्मभर गोदीत वेल्डर होता. गोदी बंद पडली तेव्हा आमच्या गावातली अर्धी तरणी माणसं बोटीत बसून इंग्लंडला गेली, ती लग्नाला आणि मयताला तेवढी परत आली. कॉर्मक गेला नाही, कारण त्याच सुमारास त्याची बहीण वारली आणि तिची ग्रॉन्या नावाची छोटी पोर त्याच्या पदरात पडली. लग्न न झालेला वेल्डर आणि हातात पोरीची वेणी! पहिली काही वर्षं ती पोर शाळेत जायची ती दोरखंड बांधल्यासारखे केस घेऊन. पण वाढवली त्याने. नीट वाढवली. मी स्वयंपाकाला थोडी मदत केली, बाकी सगळं त्याचं.

पुढे खाडीच्या पलीकडे औषधांचा कारखाना आला. गाव पुन्हा बाळसं धरू लागलं. ग्रॉन्या जवळच्या कॉर्क शहरात शिकली आणि त्याच कारखान्यात लागली. औषध कशात भरायचं हे ठरवणं, हे तिचं काम. मला आधी ते खरंच वाटेना.

"म्हणजे गोळी बाटलीत घालायची की डबीत, एवढं ठरवायला पगार देतात?" मी एकदा रविवारी जेवताना विचारलं.

"देतात मावशी. आणि चुकलं तर काढूनही टाकतात," ती हसत म्हणाली.

त्या दिवशी तिच्या डोक्यात नवी गोळी होती. ज्यांचं हृदय ताल सोडून धडधडतं, त्यांच्या रक्तात गुठळी होऊ नये म्हणून रोज दोनदा घ्यायची. एक-दोन दिवस जरी चुकली तरी गुठळी होऊन मेंदूत जाऊ शकते, असं ती म्हणाली. आणि त्या गोळीचा वैरी एकच, ओल. आमच्याकडे खाडीची हवा. क्रॅकर बिस्किटाचा डबा उघडा राहिला तर संध्याकाळपर्यंत बिस्किटाचं चामडं होतं. तशीच ही गोळी, दिसायला चांगली राहते पण आतून निकामी होते.

तिने टेबलावरची मीठदाणी, मोहरीची बाटली, सगळं पुढे ओढून आम्हाला समजावलं. काचेची बाटली ओल आत येऊ देत नाही, पण थरथरत्या हातातून पडली की संपलं. आपल्याला माहीत असते ती प्लॅस्टिकच्या बुडबुड्यांची स्ट्रिप, तिच्यातून ओल हळूहळू झिरपते, दिसत नाही पण झिरपते. मग दोन्ही बाजूंनी चंदेरी पत्रा असलेली स्ट्रिप, तिच्यात काही शिरत नाही, फक्त लहान मुलांनी फोडू नये म्हणून वर जाड कागद असतो, तो नखाने सोलायचा आणि मग गोळी ढकलायची. आणि चौथी म्हणजे जाड प्लॅस्टिकची बाटली, झाकणातच ओल शोषणारी पुडी बसवलेली, झाकण दाबून धरायचं आणि मगच फिरवायचं. लहान मुलाला दोन्ही एकदम जमत नाही.

"आधी बघायचं औषधाचा वैरी कोण. मग बघायचं ते उघडणार कोण. आणि मग बघायचं ते कोणी उघडता कामा नये," ती म्हणाली. "पहिल्याचं उत्तर मला माहीत आहे. बाकी दोन्हींचं उत्तर लोकांचे हात देतील, मी नाही."

आता वैऱ्याचा प्रश्न सुटून दोनच गोष्टी उरल्या होत्या, चंदेरी स्ट्रिप नाहीतर ही बाटली.

"हातांनी स्ट्रिप म्हटलं तर?" कॉर्मकने विचारलं.

"तर ती जर्मनीतल्या कारखान्यात भरली जाईल. स्ट्रिपची यंत्रं तिकडे आहेत. बाटल्यांची आपल्याकडे."

"आणि तू?"

"मी औषधाबरोबर जाते, मामा. तिकडे तर तिकडे." तिने ते बटाटे वाढता वाढता सांगितलं. पण कॉर्मकने काटा खाली ठेवला, तो पुन्हा उचलला नाही. मी बघितलं.

मुलांची परीक्षा आधी झाली, गावातल्या बालवाडीत. तीन-चार वर्षांच्या पोरांच्या हातात एकेक बाटली दिली, उघडा म्हणाले. पोरांनी ती आपटली, काहीजण तिच्यावर बसले, एकाने ती दुसऱ्याच्या डोक्यात घातली. मग त्यांना उघडून दाखवलं आणि सांगितलं, दात वापरलेत तरी चालेल. एका मुलीने झाकण चावता चावता भोकाड पसरलं. कोणालाही उघडली नाही. पोरं नापास, म्हणजे बाटली पास.

मग मोठ्यांची पाळी. चर्चच्या हॉलमध्ये ग्रॉन्याने लोकांना गोळा केलं, चहा आणि मनुकांचा पाव ठेवला, आणि उभी राहून स्वच्छ शब्दांत सांगितलं. "परीक्षा बाटलीची आहे, तुमची नाही. शंभरातल्या नव्वद जणांना उघडली पाहिजे. तुम्हाला नाही उघडली, तर 'नाही उघडत' म्हणा. त्यात लाज नाही. मला ते ऐकायचंच आहे. दुखणारे हात घेऊन या, तसेच हवेत मला."

याहून सरळ काय सांगायचं असतं? पण आमचं गाव तुम्हाला माहीत नाही. आमच्याकडे कोणी चहा विचारला की दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचा. 'काही आणू नका' म्हटलं की केक घेऊन जायचं. 'माझी काळजी करू नका' म्हणणाऱ्याच्या घरी संध्याकाळी जाऊन बसायचं. तोंडाने जे म्हटलं ते जो खरं मानतो, त्याला आमच्याकडे अडाणी म्हणतात. तेव्हा ग्रॉन्या म्हणाली 'नापास झालात तरी चालेल', आणि अख्ख्या हॉलने ऐकलं, 'कृपा करून पास व्हा.'

बाहेर पडताना बार्नी टूमीने कॉर्मकला गाठलं. बार्नी म्हणजे गोदीतला त्याचा जोडीदार, चौकातल्या गुत्त्यात कायम खिडकीशी बसणारा. म्हणाला, "पोर शिकलेली आहे, तोंडाने कशी मागेल? आपणच समजून घ्यायचं."

आणि त्यांनी समजून घेतलं. दुसऱ्याच दिवसापासून कॉर्मकच्या स्वयंपाकघरात शिकवणी सुरू. कारखान्यात कामाला असलेल्या कोणीतरी तशाच झाकणांच्या रिकाम्या बाटल्या आणून दिल्या. दुपारचा चहा झाला की एकेक जण यायचा. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं. कॉर्मक तर मैदानावर हर्लिंग खेळणाऱ्या संघाला शिकवावं तसा शिकवत होता.

"बोटांनी नाही रे, गाढवा! तळव्याची टाच लाव. अंग घाल त्यात. दाब, दाब, आता फिरव!"

"अरे, हे झाकण आहे का चर्चची घंटा?" बार्नी धापा टाकत म्हणायचा.

"टेबलाच्या कडेला टेकव. हां. पुन्हा."

ज्यांचे हात अगदीच गेलेले, त्यांना परीक्षेच्या दिवशी ताप येईल असं ठरलं. पेग लेहीला तर आठवडाभर आधीच खोकायला सांगितलं. तिच्या जागी शेजारच्या गावचा एक कुस्तीगीर आणला, साठीचा, हात म्हणजे फावडी.

मी कॉर्मकला कुंपणापाशी गाठून म्हटलं, "तू त्या पोरीला फसवतोयस."

"फसवतोय कुठे? मदत करतोय."

"तिने मदत मागितली नाही. तिने खरं मागितलं."

"असम्प्टा, गोदी बंद झाली तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. आता विचारतायत, तर काय 'बंद करा' म्हणू? एका झाकणासाठी?" त्याने हात खिशात घातले. त्याचे हात तो नेहमी खिशातच ठेवायचा. संधिवाताने बोटं अशी वाकडी झाली होती की सदऱ्याचं बटन त्याला लावता येत नसे, थंडीतही गळा उघडा.

"आणि तू स्वतः? तू कसा उघडणार?"

"माझं मी बघतो."

बघितलंच त्याने. परीक्षेच्या आठवड्यात डॉक्टरकडे जाऊन बोटांच्या सांध्यांत इंजेक्शनं घेऊन आला. औषध उतरेपर्यंत तेवढी बोटं सैल.

परीक्षा घ्यायला डब्लिनहून परकी माणसं आली होती. ग्रॉन्या आत गेली नाही. आपल्या माणसांच्या तोंडाकडे बघून निकाल बदलायला नको, म्हणून तिनेच स्वतःला तो नियम घातला. बिचारी बाहेर मोटारीत बसून राहिली. आत एकेकाला वेगळ्या टेबलाशी बसवलं, समोर बाटली ठेवली. आमच्या गावाने ती बाटली जत्रेत शिट्टी वाजवावी तशी उघडली. कॉर्मकनेही उघडली. बाहेर आला तेव्हा हसत होता, आणि उजवा हात डाव्या काखेत दाबून धरला होता.

बाटली पास झाली. कारखान्यात नवी शेड उभी राहिली, गावातल्या बऱ्याच पोरांना काम लागलं. ग्रॉन्या इथेच राहिली. गुत्त्यात गाणी झाली. कॉर्मकने मला पेला वर करून दाखवला, बघ म्हणून. मीही वर केला. काय करणार, आनंद झालाच होता.

तिसऱ्या वर्षी कॉर्मकला जिना चढताना धाप लागायला लागली. डॉक्टरने छातीला नळी लावली आणि म्हणाला, ठोका ताल सोडून पडतोय. लिहून दिली ती हीच गोळी. घरी आला तो औषधाची पिशवी मिरवत.

"बघ, आपल्या गावची गोळी! आपल्या पोरीची बाटली!"

"उघडते का तुला?" मी विचारलं.

"मी पास आहे, बाई."

मी तरी काय करणार? माझी बोटं म्हणजे आल्याच्या गाठी. मला ती उघडली नसती, हे मी त्याला सांगितलंही. तो म्हणाला, तुला काही जमतच नाही. विषय संपला.

पुढे माझ्या लक्षात आलं की ब्रीडा कोकली त्याच्याकडे जास्तच थांबायला लागली आहे. ब्रीडा म्हणजे आमच्याकडे टपाल टाकणारी, पन्नाशीची, धट्टीकट्टी बाई. आधी दारातून पत्र सरकवून पळायची, आता आत जायची, हसण्याचा आवाज यायचा. मी मनात म्हटलं, घ्या! या वयात! घोडा थकला पण खोड गेली नाही. मी त्याला चिडवलंसुद्धा. तो लाजल्यासारखं करायचा आणि मला तसंच समजू द्यायचा.

खरं हे होतं की ब्रीडा त्याची बाटली उघडून देत होती. नवी बाटली आली की ती झाकण उघडायची आणि पुन्हा न बसवता नुसतं वर ठेवायची. त्याने तिला शपथ घातली होती, कोणाला बोलायचं नाही. मला ते फार उशिरा कळलं.

त्या रविवारी ग्रॉन्या जेवायला आली होती. दुसऱ्या दिवशी ती कामासाठी जर्मनीला निघणार होती. ब्रीडा तिकडे कॅनरी बेटांवर उन्हात पडली होती, आठवड्याची रजा घेऊन. मीही जेवायला होते. खारवलेलं डुकराचं मांस, कोबी, बटाटे, नेहमीचं. कॉर्मक खुशीत होता. किटली उकळून शिट्टी मारायला लागली म्हणून ग्रॉन्या उठली, आणि खिडकीत तिला ती बाटली दिसली. किटलीच्या वाफेत उभी. झाकण वर नुसतं टेकवलेलं.

"मामा!" ती ओरडली. "हे काय केलंस?"

"काय झालं?"

"झाकण उघडं! अरे, वाफेत! ही गोळी ओलीने मरते, किती वेळा सांगितलं तुला? याच्यासाठीच तर ही बाटली घेतली आपण! तू रोज दोनदा खडू गिळतोयस, कळतंय का?"

तिने ती बाटली मोरीत रिकामी केली. मग कपाटातून पुढच्या महिन्याची बाटली काढली. ब्रीडाने उघडून ठेवलेली ती मोरीत गेली, ही सीलबंद होती. ग्रॉन्याने ती उघडली, सील फाडलं, त्याला एक गोळी हातावर दिली, पाणी दिलं, त्याने ती घेतली. आणि मग तिने झाकण दाबून घट्ट फिरवलं. खुट्ट.

"हा आवाज आलाच पाहिजे. दर वेळी. वचन दे."

"चुकलं गं पोरी. देतो," कॉर्मक म्हणाला. तो बाटलीकडे बघत होता. मला वाटलं, पोर रागावली म्हणून हिरमुसला. जाताना ती त्याच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "तुला काही झालं तर मी काय करू?"

आता विचार केला की मला चीड येते. ती समोर उभी होती. 'उघडत नाही गं,' एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द! पण त्याने हिशेब मांडला असणार. आपण पास झालो ते खोटं, असं कळलं तर ही विचारणार बाकीच्यांचं काय. ही पोर अशी, की मग थांबणार नाही. औषधवाल्याकडे जावं, तर त्याची बायको चर्चमध्ये ग्रॉन्याच्या मैत्रिणीशेजारी गाते, रात्रीपर्यंत बातमी पोचली असती. ब्रीडा आठवड्याने येणार. आठवड्याने काय होतंय?

सोमवारी मला भिंतीपलीकडून ठोकल्याचा आवाज आला. ठक ठक, मग शांत, मग पुन्हा ठक ठक. मला वाटलं तसबीर लावतोय. माझं डोकं दुखत होतं, मी झाडूच्या दांड्याने भिंतीवर आपटलं. आवाज थांबला.

मंगळवारी तो दारात दिसला, हाताला फडकं बांधलेलं.

"हे काय?"

"सार्डिनचा डबा उघडत होतो."

"तुझ्या हातात डबे देतात कोण? माझ्याकडे आणायचा होतास, माझ्याकडे यंत्र आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. काहीतरी बोलणार होता, हे मला आत्ता वाटतं का तेव्हाच वाटलं होतं, देव जाणे. मग म्हणाला, "डबाच तो. खाल्ला नाही तर मरत नाही कोणी."

शुक्रवारी सकाळी त्याच्या घरातून रेडिओचा आवाज आला नाही. मी माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं. तो स्वयंपाकघरात जमिनीवर होता, अर्धं तोंड खाली ओढलेलं, डोळे उघडे. मला ओळखलं त्याने. काहीतरी सांगत होता, पण शब्द नव्हते, नुसता घशातला आवाज. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याला शिव्या दिल्या, काय दिल्या ते सांगवत नाही. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत देत होते.

ग्रॉन्या कॉर्कच्या इस्पितळात पोचली तेव्हा तो श्वास घेत होता, एवढंच. डॉक्टरने तिला विचारलं, "रक्त पातळ ठेवायची गोळी बंद केली होती का यांनी?"

"नाही," ती म्हणाली. "घेतो तो. मी स्वतः बाटली बंद करून ठेवून गेले."

त्या संध्याकाळी तो गेला.

घरी आणला त्याला. पुढच्या खोलीत ठेवला, हातात जपमाळ गुंडाळून. घड्याळ थांबवलं, आरसा झाकला. दुपारपासून गाव यायला लागलं, प्रत्येकाच्या हातात काहीतरी, हॅमचे सँडविच, सोड्याचा पाव, कोणाकडे दारूची बाटली. लोक आत जाऊन त्याच्या हाताला हात लावायचे आणि स्वयंपाकघरात येऊन चहाला दोनदा नको म्हणायचे.

ग्रॉन्या कपाटातून कप काढत होती. तिथे मागे तिला गोळ्यांची बाटली सापडली. ती तशीच उभी राहिली. मी जवळ गेले. झाकणावर सुरीचे वार होते. पकडीचे ओरखडे होते. आणि कडेला दातांच्या खुणा होत्या, सगळ्या बाजूंनी. बाटली गच्च बंद होती, आणि हलवली की भरलेली वाजत होती.

तिने ती टेबलावर ठेवली, सँडविचच्या ताटांमध्ये.

"बार्नी काका," ती म्हणाली. "ही उघडा."

"आत्ता कशाला, पोरी..."

"तुम्ही पास झाला होतात ना. उघडा."

बार्नीने बाटली घेतली. हसायचा प्रयत्न केला. दाबली, फिरवली, झाकण नुसतं फिरत राहिलं. पुन्हा दाबली. त्याची मान लाल झाली. त्याने ती शेजारच्याकडे सरकवली. त्यालाही उघडली नाही. तिसऱ्याने हातच लावला नाही, टोपीशी चाळा करत राहिला. आत पुढच्या खोलीत कोणीतरी जपमाळेची प्रार्थना म्हणत होतं, तेवढाच आवाज.

मग ब्रीडा गर्दीतून पुढे आली. विमानातून उतरून थेट आली होती, नाक उन्हाने सोललेलं. तिने बाटली घेतली आणि एका झटक्यात उघडली.

"मी देत होते उघडून," ती म्हणाली आणि रडायला लागली. "दर वेळी मी द्यायचे. मी झाकण सैल ठेवून गेले होते गं. अजून पुरली असती ती."

ग्रॉन्याने बसायला खुर्ची शोधली, मिळाली नाही, उभीच राहिली. "त्याने परीक्षेत उघडली होती."

तेव्हा मी बोलले. "इंजेक्शन घेऊन उघडली. आणि या सगळ्यांना त्याने इथे, याच टेबलाशी, शिकवून पाठवलं होतं. पेगला खोकला झाला नव्हता."

"पण मी सांगितलं होतं!" तिचा आवाज फाटला. "सगळ्यांसमोर सांगितलं होतं. नाही उघडली तर नाही म्हणा. मला तेच हवं आहे, म्हणून सांगितलं होतं!"

बार्नी तिच्याकडे खरोखरच गोंधळून बघत होता. "अगं, पण ते तू म्हणायचं म्हणून म्हणाली होतीस ना?"

मग तिने खिशातून फोन काढला.

"कोणाला करतेयस?" बार्नीने विचारलं.

"कंपनीला. शंभरातल्या नव्वदांना उघडते असं सांगून ही बाटली किती देशांत गेली, माहीत आहे?"

"उद्या त्याला पुरू दे आधी. एक दिवस थांब."

"तोही ब्रीडा येईपर्यंत आठवडाभरच थांबणार होता."

"मग त्याने हे कशासाठी केलं? तू इथे राहावीस म्हणून ना? शेड जाईल, पोरं जातील. त्याचं मरणसुद्धा फुकट घालवशील?"

ती फोन घेऊन मागच्या अंगणात गेली आणि दार ओढून घेतलं. काचेतून तिची पाठ दिसत होती. तिला अडवायला कोणी उठलं नाही. मग एकेकाने टोपी घातली.

बाटल्या दुकानांतून परत मागवल्या. पुन्हा परीक्षा झाली, दुसरीकडे, खऱ्या हातांवर. आता ती गोळी चंदेरी स्ट्रिपमध्ये येते, जर्मनीहून. शेडला कुलूप आहे. बार्नीचे दोन्ही नातू ऑस्ट्रेलियाला गेले. कोणी ग्रॉन्याला तोंडावर वाईट बोललं नाही, आमच्याकडे तसं बोलत नाहीत. पण त्याला जाऊन महिना झाला म्हणून चर्चमध्ये प्रार्थनेची मिसा ठेवली, तिला ती आली तेव्हा तिच्या बाकावर कोणी बसलं नाही. मी बसले. माझ्या जागेवर बसायला मला कोणाची परवानगी लागत नाही.

मिसा संपली, लोक पांगले, आणि ती समोरच्या बाकाकडे बघत म्हणाली, "मावशी, झाकण मी बंद केलं ना?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. आमच्या गावात जन्मलेल्या कोणाच्याही तोंडात ते तयारच असतं. नाही गं बाळा, तुझं काय चुकलं, वेळ आली होती त्याची. असंच म्हणायचं असतं. तिला ते ऐकायचं होतं, आणि मला ते म्हणायचं होतं, देवाशपथ. या पोरीला मी पाळण्यात असल्यापासून बघितलं आहे.

"हो," मी म्हटलं. "तूच बंद केलंस."

तिने मान हलवली. तिचा हात माझ्या वाकड्या बोटांत होता आणि मला तो नीट धरता येत नव्हता, तरी मी धरून बसले.